डबल यलो

इगतपुरीच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ऑन-कॉल सायकलवरून यायचा. रात्री दीड-दोनला कडी वाजे. दारात कॉलबॉय उभा, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कॉल बुक. बाबा डोळे चोळत बाहेर येत आणि सही करण्याआधी गाडीचा नंबर, ड्यूटीची वेळ, सगळं ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत. "हळू वाचा, पोरी उठतील," आई आतून म्हणे. पोरी उठलेल्याच असत. कॉलबॉयला आणखी तीन घरं उठवायची असत, पण बाबांचं वाचून झाल्याशिवाय त्याला वही परत मिळत नसे.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. गेली अठरा वर्षं पुण्यात, हिंजवडीला. काम बहुतेक डेटाबेसचं. आता कडी वाजत नाही, उशाशी ठेवलेला फोन वाजतो. बोट ठेवून वाचायची सवय मात्र बाबांकडून माझ्याकडे आली नव्हती. ती नसल्याचं मला कळलं 2016 च्या पावसाळ्यात, एका गुरुवारी रात्री.

तेव्हा मी ज्या कंपनीत होते, ती घरपोच औषधं देणाऱ्या एका सेवेचं सॉफ्टवेअर सांभाळत होती. काम किरकोळ होतं. चाचणीसाठी बनवलेले बारा खोटे पत्ते काढून टाकायचे. क्वेरी दोन ओळींची. पहिल्या ओळीत डिलीट आणि टेबलाचं नाव, दुसऱ्या ओळीत व्हेअर, म्हणजे नेमके कोणते पत्ते ते. मी वापरत होते त्या टूलमध्ये एक सोय होती: माउसने जेवढा मजकूर निवडाल तेवढाच चालतो. अकरा चाळीस झाले होते. कोपऱ्यात चॅट उघडलं, 'आहेस का? दोन मिनिटं.' मी 'हो' टाइप केलं, परत आले, क्वेरी निवडली आणि चालवली. निवडली गेली होती एकच ओळ. पहिली.

पडद्यावर उत्तर आलं: डिलीट 41862.

बाराच्या जागी हे काय आलं, एवढा विचार यायलाही वेळ लागला. मग खिडकीच्या माथ्यावरचं नाव वाचलं. हे स्टेजिंग, म्हणजे चाचणीचा डेटाबेस, नव्हतंच; प्रॉडक्शन होतं, म्हणजे खरा, चालू डेटाबेस. दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं, दोन्ही शेजारीशेजारी मांडलेल्या. ऑटोकमिट चालू, त्यामुळे मागे घेण्याची सोय नाही. एका वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या आणि दोन्हींच्या वेळी माझे डोळे उघडे होते.

औषधांच्या गाड्या सकाळी सहाला निघायच्या. आदल्या रात्री दोनचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा केला. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फायली त्यावर एकामागून एक चालवत अकरा चाळीसच्या जरा अलीकडे येऊन थांबलो आणि तिथून पत्त्यांचं टेबल उचलून परत आणलं. सव्वापाच वाजले. मधल्या वेळेत बदललेले सात पत्ते फोन करून विचारावे लागले. जिन्यात बसून चहा घेतला तेव्हा कप धरायला मला दोन हात लागले.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "यापुढे लक्ष देत जा." ते रागावले नव्हते, म्हणून तर ते वाक्य जास्त टोचलं. शाळेपासून हे ऐकत आलोय आपण. लक्ष दे. पण लक्ष द्यायचं म्हणजे हाताने, तोंडाने, डोळ्यांनी नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

महिन्याभरात कंपनीने माइंडफुलनेसचं सत्र ठेवलं. कॉन्फरन्स रूमचे दिवे मंद केले, स्पीकरवर बासरी लावली, आणि प्रशिक्षकांनी श्वासाकडे पाहायला सांगितलं. या प्रकाराचा प्रवास मोठा मजेशीर आहे. 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. 2007 मध्ये गुगलमधल्या चेड-मेंग टॅन या इंजिनिअरने तसंच काहीसं आपल्या सहकाऱ्यांसाठी काढलं. पुढे ते आयटी कंपन्यांमध्ये पसरलं आणि एके दिवशी हिंजवडीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलं. माझ्या माहेरापासून वीस मिनिटांच्या चालीवर धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे. पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी लोक गाडीतून उतरून तिकडे जाताना मी लहानपणापासून पाहिलेत. तीच गोष्ट अमेरिकेला वळसा घालून माझ्यापर्यंत आली होती.

वीस मिनिटं बरी गेली. डोळे उघडले तेव्हा फोनवर सतरा मेसेज होते, त्यांतले चार 'सेशन संपलं का?' असे.

त्या रविवारी बाबांना फोन केला. बाबांना कोड म्हणजे काय ते कळत नाही, आणि म्हणूनच मी त्यांना सगळं सांगते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 1999 च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकामुळे आमच्या धंद्यात रबरी बदक प्रसिद्ध झालं. अडलेला कोड टेबलावरच्या बदकाला ओळीओळीने समजावून सांगायचा, सांगता सांगता चूक आपल्यालाच सापडते. माझं बदक इगतपुरीला बसून "मग?" म्हणतं. त्या दिवशीही ते तीन-चारदा "मग?" म्हणाले. शेवटी विचारलं, "मोठ्याने म्हटलं होतंस?"

"काय?"

"जे करणार होतीस ते."

बाबा आधी घाटात बँकर इंजिनावर होते. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना चढ सदतीसास एक, म्हणून गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, ते बँकर. पुढे मालगाड्यांवर गेले. तेव्हा त्यांना ड्रायव्हर म्हणत, लोको पायलट हे नाव नंतरचं. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने त्याचं नाव आणि रंग पुकारायचा आणि दुसऱ्याने स्वतः पाहून पुन्हा म्हणायचा. "होम, यलो." "होम, यलो." रात्री तीनला, धो धो पावसात, हजाराव्यांदा पाहिलेला सिग्नल असला तरी. लहानपणी मला हे हास्यास्पद वाटे. दोघांनाही दिसतंय, मग ओरडायचं कशाला?

जपानच्या रेल्वेत याच्याही पुढे जातात. तिथला कर्मचारी सिग्नलकडे, घड्याळाकडे, दाराकडे बोट दाखवतो आणि जे दिसलं ते मोठ्याने म्हणतो. शिसा कांको म्हणतात त्याला. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने 1994 मध्ये हे मोजून पाहिलं. साध्या कामात शंभर कृतींमागे 2.38 चुका होत होत्या. बोट दाखवून आणि म्हणून केलं तेव्हा त्या 0.38 वर आल्या. कारण समजायला अवघड नाही. सवयीच्या जागी डोळ्याला समोरचं दिसतच नाही, त्याला जे अपेक्षित असतं ते दिसतं. तोंडाने म्हणायचं तर शब्द शोधावा लागतो, आणि शब्द शोधायला पुन्हा एकदा पाहावं लागतं.

बाबांनी रंग शिकवले होते तेही आठवलं. हिरवा म्हणजे प्रोसीड. लाल म्हणजे स्टॉप. एक पिवळा म्हणजे कॉशन. आणि दोन पिवळे, ज्याला सगळे डबल यलो म्हणतात, त्याचं पुस्तकी नाव आहे अटेन्शन. डबल यलोला गाडी थांबवत नाहीत. जात राहायचं, पण पुढच्या सिग्नलला वेग कमी करावा लागणार हे धरून जायचं. साहेबांनी सांगितलेलं 'लक्ष' रेल्वेच्या नियमात इतक्या नेमक्या अर्थाने लिहून ठेवलेलं आहे, हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं.

सोमवारपासून मी पुटपुटायला लागले. प्रॉडक्शनवर काहीही चालवण्याआधी तीन गोष्टी ओठ हलवून म्हणायच्या: कुठे, काय, किती. "प्रॉडक्शन. पत्ते. बारा." किती हे ठाऊक नसेल तर आधी तीच अट लावून सिलेक्टने ओळी मोजायच्या, आकडा म्हणायचा, मगच हात पुढे. शेजारच्या मुलाने पहिल्या आठवड्यात हेडफोन काढून विचारलं, "ताई, माझ्याशी बोलताय?" दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारणं सोडलं.

2017 च्या फेब्रुवारीत मला एक विचित्र दिलासा मिळाला. 31 जानेवारीला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला आणि आज्ञा दिली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या सगळ्या तऱ्हा ऐन वेळी निकामी निघाल्या. वाचवलं ते सहा तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सारं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, आणि ते लिहिताना माणसापेक्षा व्यवस्थेवर बोट ठेवलं. सुधारणांच्या यादीत एक बारीकशी गोष्ट होती: टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर कुठला सर्व्हर आहे ते ठळकपणे दिसलं पाहिजे. मी ते वाचलं आणि त्याच दुपारी माझ्या प्रॉडक्शनच्या खिडकीची पार्श्वभूमी गडद लाल केली. इतकी कुरूप, की तिथे कुणाला रेंगाळावंसं वाटू नये.

पण खरी युक्ती मिळाली घाटातून. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्गातून एक फाटा बाजूला डोंगराकडे चढवलेला असतो, आणि सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं, तेव्हा कुठे सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. ब्रेक गेलेली गाडी थांबूच शकत नाही, म्हणून ती आपोआप फाट्यावर चढते आणि तिचा वेग मरतो. ड्रायव्हर सावध आहे की पेंगुळलाय याची चौकशी सांधा करत नाही.

आमच्या टीममध्ये आम्ही तेच केलं. प्रॉडक्शनचं लॉगिन आता फक्त वाचण्यापुरतं उघडतं. बदल करायचा तर वेगळं लॉगिन मागावं लागतं, आणि ते तासाभराने आपोआप बंद होतं. प्रत्येक बदल बिगिनने सुरू होतो, किती ओळींवर परिणाम झाला तो आकडा दिसतो, आणि कमिट म्हणेपर्यंत काहीही पक्कं होत नाही. खिडकी बंद झाली, नेट गेलं, माणूस उठून गेला, तर रोलबॅक. म्हणजे सांधा कायम फाट्याकडे. साहेबांना हे पटवायला दोन बैठका लागल्या. कामाचा वेग कमी होईल, अशी त्यांची शंका होती. मी म्हटलं, घाटातही होतो.

बाकी सवयी लहान आहेत. दहा ते बारा चॅट बंद. पॉल ग्रॅहम यांनी 2009 च्या एका निबंधात घडवणाऱ्याचं वेळापत्रक आणि मॅनेजरचं वेळापत्रक असा फरक केला आहे. मॅनेजरचा दिवस तासातासांनी कापता येतो, घडवणाऱ्याचा अर्ध्या दिवसापेक्षा लहान तुकडा निरुपयोगी. मला अर्धा दिवस कुणी देणार नाही. दोन तास भांडून मिळवलेत. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून काढलेली पोमोदोरो पद्धतही वर्षभर वापरली. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. कंटाळवाण्या कामाला ती उत्तम आहे, कारण सुरुवात करवते. पण बग हाताशी येतोय असं वाटत असताना घंटा वाजली की कुकरचं झाकण अर्ध्या शिट्टीवर उघडल्यासारखं होतं, म्हणून तिथे ती सोडली. संध्याकाळी उठण्याआधी वहीत एकच ओळ लिहिते: उद्या पहिलं काय. ती लिहिली नाही तर अर्धवट काम घरी येतं आणि पोळ्या लाटताना डोक्यात चालू राहतं.

एक सवय मात्र मी स्वतःला लावू शकले नाही, ती रेल्वेकडे नियम म्हणून होती. ड्यूटी संपली की ड्रायव्हरने रनिंग रूममध्ये जाऊन झोपायचं, आणि ठरलेली विश्रांती झाल्याशिवाय त्याला पुढची गाडी द्यायची नाही. नियम मोडला जायचा नाही असं नाही, बाबांच्या तोंडी लांबलेल्या ड्यूट्यांच्या कितीतरी तक्रारी होत्या. पण त्या तक्रारी होत्या, शौर्यकथा नव्हत्या. आमच्याकडे रात्री दोनपर्यंत जागून रिलीज काढणाऱ्याचं नाव सकाळच्या बैठकीत टाळ्यांसकट घेतलं जातं. त्या गुरुवारी मी सकाळी नऊपासून कामावर होते. साडेचौदा तास. मला पुढे श्वासाकडे पाहायला शिकवण्यात आलं, पण साडेचौदा तासांकडे कुणी पाहिलं नाही.

श्वासाची थट्टा करावी असं मात्र मला वाटत नाही. 2019 मध्ये मी अखेर धम्मगिरीला गेले. सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे. ते 1969 मध्ये विपश्यना घेऊन भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली. आई म्हणाली, "माहेरी येऊन घरी राहायचं नाही, आणि दहा दिवस बोलायचं नाही? छान." फोन, वही, पेन पहिल्या दिवशी जमा. पहाटे चारला घंटा. साडेतीन दिवस नुसतं आनापान, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसल्या जागी एका जुन्या सर्व्हरचं कॉन्फिगरेशन डोक्यात पुन्हा लिहीत होते, आणि किती वेळ लिहीत होते याचा मला पत्ता नव्हता. तेवढं एक मी तिथून आणलं. लक्ष जाताना कळत नाही, फक्त परत आल्यावर कळतं की ते गेलं होतं. खालून घाटातून इंजिनाचा भोंगा ऐकू यायचा. सगळे मौनात असताना मला मात्र दोन माणसं एकमेकांना रंग ओरडून सांगताना दिसत होती.

परत आल्यावर मी पुटपुटणं आणखी मनापासून करू लागले, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर पुन्हा फसले. "स्टेजिंग. ऑर्डरी. चाळीस," म्हटलं आणि एंटर दाबलं. लाल खिडकीत. म्हणताना पाहिलंच नव्हतं. तीन वर्षांत ते वाक्य शुभं करोतिसारखं पाठ झालं होतं, तोंड आपोआप चालत होतं. बिगिन होतं म्हणून वाचले, रोलबॅक केलं. सांधा फाट्याकडे होता.

बाबांना सांगितलं. बराच वेळ ते "मग?" म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "माझंही झालंय. आडगावच्या स्टेशनचा एक सिग्नल. रोज हिरवा मिळायचा. एके रात्री लांबूनच मी हिरवा पुकारला. असिस्टंट नवीन पोरगा. तो म्हणाला, नाही साहेब, यलो. पाहिलं तर यलो." थोडं थांबून म्हणाले, "आईला सांगू नकोस." गोष्ट तीस वर्षं जुनी होती.

"म्हणून दोघं असतात का?" मी विचारलं.

"म्हणून दोघं असतात. आणि त्याला माझ्यानंतर नुसतं म्हणायचं नसतं, स्वतः बघून म्हणायचं असतं. पोरगा मला घाबरला असता तर हिरवाच म्हणाला असता."

हे शेवटचं वाक्य मी बरेच दिवस घेऊन फिरले. आपल्या ज्युनिअर मुलांना आपण इतकं तर घाबरवलेलं नाही ना, की ती आपल्यामागून हिरवा म्हणतील? त्यानंतर टीममध्ये एकच नियम वाढवला. प्रॉडक्शनवर बदल करताना पडदा शेअर करायचा, कुणीतरी दुसरं हवं, आणि दुसरा जितका नवा तितका बरा. मी म्हटलेला आकडा त्याने माझ्या तोंडून घ्यायचा नाही, पडद्यावरून वाचायचा.

परवाच्या मंगळवारची गोष्ट. संध्याकाळचे चार, मी घरून, ती नांदेडहून. कामाला लागून दोन महिने झालेली मुलगी. चाचणीचे पत्तेच पुन्हा. अट लावली, मोजणी चालवली.

"प्रॉडक्शन," मी म्हटलं.

"प्रॉडक्शन."

"पत्ते."

"पत्ते."

"बारा."

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं नेट गेलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तेरा आहेत."

तेरावा कुणाचा होता ते नंतर शोधलं. त्याआधी मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले होते.